वयाचे डाग: आधी डाग ओळखा, मग ट्यूब घ्या

पन्नाशी जवळ आली की हाताच्या पाठीवर, कपाळाच्या कडेला, गालाच्या हाडावर तपकिरी डाग दिसायला लागतात आणि मग लोक मेडिकलच्या काउंटरवर येऊन म्हणतात, "ताई, डागांवर काहीतरी चांगली क्रीम द्या ना." मी इंदूरला रामबागेच्या बाजूला मेडिकल चालवते, फार्मसिस्ट आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर रोज पडतं आणि रोज मला सांगावंसं वाटतं की काकू, क्रीम नंतर बघू, आधी हा डाग कोणता आहे ते बघू या. पण काउंटरवर तेवढा वेळ नसतो, मागे चार जण चिठ्ठी घेऊन उभे असतात. म्हणून इथे सगळं निवांत लिहितेय. जरा लांबलंय, पण चेहऱ्याचा मामला आहे, पूर्ण वाचा.

पहिलं काम: आरशासमोर नाही, खिडकीपाशी उभे राहा

दिवसाच्या उजेडात हाताची पाठ बघा आणि मग तोच हात वर करून दंडाची आतली बाजू, काखेजवळची, बघा. दोन्हीचं वय एकच आहे ना? पण आतली कातडी मऊ, एकसारख्या रंगाची असते आणि बाहेरची डागाळलेली, जाड, सुरकुतलेली. हा जो फरक दिसतोय तो सगळा उन्हाचा आहे. म्हणजे वयाचे डाग आपण म्हणतो खरं, पण वय झालं म्हणून ते येत नाहीत, वीस-तीस वर्षं जे ऊन अंगावर घेतलं त्याचा हिशोब त्या वयात बाहेर पडतो. आणि लिव्हर खराब असलं की असे डाग येतात हे पण डोक्यातून काढून टाका, ह्या डागांचा लिव्हरशी काही संबंध नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. ऊन लागलं की त्या मेलॅनिन बनवून वरच्या पेशींना देतात, हे संरक्षणच आहे. पण वर्षानुवर्षं तेच तेच चाललं की काही जागी ह्या पेशी वाढतात आणि ऊन नसतानाही रंग बनवत राहतात. म्हणून साधं टॅनिंग दोन-तीन महिन्यांत उतरतं आणि हा डाग हिवाळ्यातही तसाच राहतो. डॉक्टर ह्याला सोलर लेंटिगो म्हणतात.

दुसरं काम: डाग कोणता आहे ते ठरवा

इथे घाई करू नका, कारण आपल्या भारतीय कातडीत वयाचे डाग म्हणून लोक जे दाखवतात त्यातले निम्मे-अधिक दुसरंच काहीतरी असतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

खरा सोलर लेंटिगो सपाट असतो. बोट फिरवलं तर लागत नाही. कड स्पष्ट, रंग एकसारखा तपकिरी, आकार मुगाच्या डाळीपासून ते रुपयाच्या नाण्यापर्यंत. हाताची पाठ, गाल, कपाळ, टक्कल असेल तर डोकं, म्हणजे जिथे जिथे ऊन लागतं तिथेच. गोऱ्या लोकांना जास्त येतात.

वांग वेगळा. तो दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर साधारण सारखा-सारखा पसरतो, कड पुसट असते, तीस-चाळिशीत बायकांना जास्त, बाळंतपणानंतर किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी वाढतो. इथे लोक झाई झाई म्हणतात तो हाच. वांगाला नुसतं ऊन नाही तर साधा प्रकाश आणि उष्णतासुद्धा चढवते, आणि लेझरने तो कधीकधी आणखी भडकतो, म्हणून वांग आणि लेंटिगो ह्यांच्यात गल्लत झाली तर पैसे जातात आणि चेहराही बिघडतो.

मग ते बारीक काळे फुगीर दाणे, गालावर डोळ्यांच्या बाजूला आणि मानेवर, मोहरीएवढे. पुष्कळ मराठी घरांमध्ये आईला असतात, मावशीला असतात, मग मुलीला येतात. हे खानदानी आहेत, ह्यांना काही धोका नाही, पण कुठलीही क्रीम लावून ते जात नाहीत हे लक्षात ठेवा. तसेच ते मेण चिकटवल्यासारखे जाडसर, खरखरीत, तपकिरी-काळे चट्टे, पाठीवर, कपाळावर, कानाच्या मागे. त्यांना सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात, तेही निरुपद्रवी, आणि तिथेही क्रीमचा उपयोग नाही. पण असे चट्टे थोड्याच महिन्यांत अचानक खूपच निघाले, खाज सुटली, वजन उतरलं, तर फिजिशियनकडे जाऊन पूर्ण तपासणी करून घ्या.

मानेबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. मान मागून काळी, मखमलीसारखी जाडसर, रेषा पडलेल्या, काखेतही तसंच. घरचे म्हणतात नीट घासत नाही, मळ साचलाय. आणि मग ती पंधरा-सोळा वर्षांची पोर वजरीने, काथ्याने, कशाकशाने घासते, सोलून निघते, आणि घासल्याने ते आणखी काळं होतं. तो मळ नाहीये हो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची ती खूण आहे. मुलीला ओरडू नका, तिचं उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं शुगर, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या, पाळी नियमित आहे का ते विचारा, वजन जास्त असेल तर कमी करायला मदत करा. वजन उतरलं की मान आपोआप उजळायला लागते. तेच काकांचंही, पन्नाशीत मान काळी पडत चालली तर आधी शुगर तपासा.

अजून दोन-तीन गोष्टी. बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळपटपणा आला असेल, थकवा, हातापायाला मुंग्या असतील आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह तपासा, कमी असेल तर इंजेक्शन-गोळ्यांनी हा रंग उतरतो. कपाळ, कानशील आणि मान ह्या कडेकडेने राखाडी-काळं होत असेल तर केसांच्या डायवर संशय घ्या. काळी मेहंदी म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा तेच पीपीडी केमिकल असतं जे डायमध्ये असतं, नुसतं नाव मेहंदी. आणि तुमची औषधं बघा: बीपीच्या काही गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, शिवाय डॉक्सिसायक्लिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, ह्यांनी कातडी उन्हाला जास्त नाजूक होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

इथे ट्यूब नको, सरळ डॉक्टर

डागाची एक बाजू दुसरीसारखी नाही, कड वेडीवाकडी, एकाच डागात दोन-तीन रंग, पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा, आणि बदलतोय. ह्यातलं काहीही असेल तर दाखवा. कातडीचा कॅन्सर आपल्याकडे कमी आहे, पण आपल्यात मेलॅनोमा, म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर, जास्त करून तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो जिथे कोणी बघतच नाही, म्हणून महिन्यातून एकदा पायाचे तळवे बघायची सवय लावा. चेहऱ्यावर काळा चमकदार दाणा, मोत्यासारखी कड, मधे खड्डा, अधूनमधून रक्त येतं, खपली पडते, पुन्हा येते, हेही तीळ म्हणून सोडू नका. महिनाभरात न भरणारी जखम म्हणजे डॉक्टर, ह्यात दुसरा विचार नको. अंगभर रंग गडद होत चाललाय, तळहाताच्या रेषा आणि हिरड्याही काळ्या पडतायत, अशक्तपणा आहे, तर हार्मोनची तपासणी लागते.

खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर इथे इंदूरला एम. वाय. ह्या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन पर्ची काढा.

तिसरं काम, आणि सगळ्यात मोठं: ऊन थांबवा

हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया. खरंच सगळं. भोक पडलेल्या पिंपात पाणी भरण्यासारखं आहे, रात्री क्रीम लावायची आणि सकाळी उघड्या तोंडाने टू-व्हीलरवर निघायचं.

आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित खाली आहे, ते वृत्त उज्जैनजवळून जातं, म्हणजे जूनमध्ये सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो. एप्रिल-मेमध्ये आकाश कोरडं, ढग नाहीत, दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, ११ च्या आसपास किंवा वर जातो, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात. आणि माळव्याची हवा संध्याकाळी गार होते म्हणून आपल्याला वाटतं ऊन काही एवढं नाही. गरम किती वाटतं त्यावर यूव्ही कळत नाही. सोपी खूण सांगते: तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान दिसतेय तोपर्यंत ऊन जोरात आहे. साधारण दहा ते चार.

आता आपल्या घरांमध्ये काय होतं बघा. उन्हाळ्यात कुरडया, पापड, वड्या गच्चीवर, सकाळी नऊला चीक घेऊन वर जायचं ते एक वाजता खाली यायचं, पदर डोक्यावर असतो पण तोंड, हात उघडे, आणि खालची फरशी किंवा पांढरा प्लास्टिकचा कागद ऊन उलटं चेहऱ्यावर फेकतो. चीक पहाटे शिजवा, आठच्या आत घालून मोकळ्या व्हा, राखण करायला छत्री लावून बसा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावर ऐन मार्चच्या उन्हात तासन्‌तास, ओल्या अंगाने. जा, जरूर जा, पण सनस्क्रीन लावून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. आणि हिवाळ्यात दुपारी पाठ उन्हाला देऊन संत्री सोलत बसणं, त्यात पाठ नव्हे, मान आणि हात भाजून निघतात.

दुपट्टा बांधून गाडी चालवायची आपल्याकडच्या मुलींची पद्धत छान आहे, फक्त दुपट्टा जाळीदार, पांढरा, पातळ असेल तर त्यातून बरंच ऊन आत येतं. ओळखायचं कसं? कापड खिडकीसमोर धरा, पलीकडचं दिसतंय तर उपयोग कमी. गडद रंगाचं, दाट विणीचं सुती घ्या. हातमोजे वापरा, हाताची पाठ सगळ्यात दुर्लक्षित असते.

काच. खिडकीची काच एक प्रकारचे किरण अडवते, यूव्हीबी, ज्याने कातडी भाजते. पण यूव्हीए बरेचसे आत येतात आणि डाग पाडायचं काम ते करतात. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने अमेरिकेतल्या एका ट्रकड्रायव्हरचा फोटो छापला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस, चेहऱ्याची डावी बाजू, म्हणजे खिडकीकडची, उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, सुरकुत्यांनी भरलेली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे म्हणून आपली उजवी बाजू. आमच्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला एक काका येतात, पूर्वी इंदूर-भोपाळ टॅक्सी चालवायचे. दोन्ही हात काउंटरवर ठेवले की कोणालाही दिसेल, उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग आणि डावा हात पुष्कळ स्वच्छ, जणू दोन वेगळ्या माणसांचे हात. गाडी रोज चालवत असाल तर उजव्या हाताला बाही घाला. ऑफिसात किंवा घरात खिडकीशेजारी बसत असाल तर पडदा लावा.

कोणी म्हणेल मग व्हिटॅमिन डीचं काय. तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने सॅशे किंवा गोळी घ्या. त्यासाठी गाल भाजून घ्यायची गरज नाही.

सनस्क्रीन: किती, कसं, कधी

एसपीएफ ३० म्हणजे यूव्हीबीचे जवळपास ९७ टक्के किरण अडतात, ५० म्हणजे ९८. फरक एवढासाच आहे, पण आपण सगळे कमी लावतो म्हणून ५० घेतलेलं बरं. डागांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागे पीए आणि त्यापुढे अधिकची तीन किंवा चार चिन्हं असली पाहिजेत, ते यूव्हीएचं संरक्षण. वांग असेल तर टिंटेड सनस्क्रीन घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, कारण साधं पांढरं सनस्क्रीन डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही.

मापाचं सांगते, इथेच सगळे कमी पडतात. पहिलं आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक लांब रेघ काढा, एवढं चेहरा आणि मानेला. हो, एवढं. कान विसरू नका, मानेची मागची बाजू, हाताची पाठ. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला, तोंड धुतलं तर पुन्हा. दिवसभर घरातच असाल तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पुरे.

आम्हाला दुकानात कोण नीट लावतंय ते लगेच कळतं. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा नीट लावली तर महिनाभरात संपते. "मागच्या दिवाळीत नेली होती, अजून चालतेय" असं सांगत कोणी संक्रांतीला आलं की समजायचं, नुसता वास लागलाय. महाग घेऊन कंजूषपणे लावण्यापेक्षा मध्यम किमतीचं घेऊन भरपूर लावा. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेमध्ये डिकी भट्टीसारखी तापते, आतलं फाटतं, पाणी वेगळं आणि तेल वेगळं. अशी ट्यूब फेकून द्या.

उपयोग होतो का ह्यावर एक चांगलं काम झालंय. ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाच्या गावात लोकांचे गट पाडून साडेचार वर्षं बघितलं, २०१३ मध्ये निकाल छापला. जे रोज सनस्क्रीन लावत होते त्यांची कातडी मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. तेही साधं, एसपीएफ १५चं सनस्क्रीन.

चौथं काम: रात्रीची क्रीम

सनस्क्रीन महिनाभर नेमाने झालं की मगच हे सुरू करा. आणि एका वेळी एकच. इंटरनेट बघून चार सीरम एकदम आणणाऱ्या मुली बघितल्या आहेत, आठवड्यात गाल लाल, आग, आणि मग त्या जळजळीचेच नवे काळे डाग. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा स्वभाव असा आहे की जिथे दुखावली तिथे काळी पडते. म्हणून हळू.

सगळ्यात सौम्य म्हणजे नायसिनामाइड ४-५ टक्के, ते रंग वरच्या पेशींपर्यंत जाऊ देत नाही, कोणालाही सहसा चालतं. सकाळी सनस्क्रीनच्या आधी व्हिटॅमिन सी लावलं तर चांगलं, पण बाटलीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालं असेल तर ते संपलं समजा. ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्के, मला हे आपल्या लोकांसाठी फार आवडतं, डाग आणि वांग दोन्हींवर काम करतं, सुरुवातीला थोडं चुणचुणतं, आणि गरोदर बायकांना ट्रेटिनोइन चालत नाही तेव्हा डॉक्टर बहुधा हेच देतात. कोजिक ॲसिडही ठीक, कोणाकोणाला मात्र त्याने ॲलर्जी होते.

मुख्य औषध म्हणजे ट्रेटिनोइन, ०.०२५ किंवा ०.०५ टक्के, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ते जमत नसेल तर ॲडापलीन ०.१ टक्के, जरा सौम्य. लावायची पद्धत: रात्री साध्या फेसवॉशने तोंड धुवा, पुसा, वीस मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्या. वाटाण्याच्या दाण्याएवढी क्रीम संपूर्ण चेहऱ्याला, पाच ठिकाणी ठिपके देऊन पसरवा. डोळ्याचे कोपरे, नाकाच्या कडा, ओठाचे कोपरे सोडा. वरून मॉइश्चरायझर. पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोसलं तर एक दिवसाआड. थोडी सालं निघतात, ते चालतं, पण आग झाली, सुजलं तर थांबा आणि विचारा. मूल होण्याचा विचार असेल तर हे अजिबात नाही.

हायड्रोक्विनोन हे जुनं आणि जोरदार औषध आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली तीन-चार महिनेच. वर्षानुवर्षं लावलं तर कातडी उलट निळसर-काळी पडते आणि ते मग निघता निघत नाही.

ट्यूब उलटी करून वाचा

ह्यावर माझा जीव तुटतो. बायका येतात, नाव सांगत नाहीत, हातात रिकामी पिळलेली ट्यूब असते, "हीच द्या, शेजारच्या वहिनी लावतात, पंधरा दिवसांत गोऱ्या झाल्या." मी ती ट्यूब घेते, मागचं बारीक अक्षर त्यांना वाचून दाखवते: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. ते शेवटचं, मोमेटासोन, हे स्टेरॉइड आहे. त्याच्यामुळेच पंधरा दिवसांत उजळ दिसतं. डॉक्टर काही आठवड्यांपुरतं देतात तेव्हा ते औषध आहे. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते, उन्हात आणि गॅससमोर गेलं की चेहरा पेटतो. आणि सोडायला गेलं की असं भडकतं की बाई घाबरून पुन्हा तीच लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही, कोणी कितीही रागावलं तरी. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं कागदावर लिहून फ्रिजला लावा. तुम्ही आधीच अशी क्रीम बरेच महिने लावत असाल तर एकदम फेकू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतात.

दुसरी भीती बिननावाच्या डब्यांची. वर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटक लिहिलेले नाहीत, परदेशातली म्हणून विकतात. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. पारा रंग बनणं थांबवतो म्हणून झटपट उजळतं, आणि तोच कातडीतून आत जाऊन किडनी बिघडवतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशाच गोरेपणाच्या क्रीम लावणाऱ्यांना किडनीचा आजार झाल्याचं डॉक्टरांनी पकडलं होतं. असल्या क्रीमनंतर पायावर सूज, लघवीला फेस दिसला तर लगेच तपासणी.

लिंबू, सोडा, चुना

लिंबू चेहऱ्याला चोळू नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे काळा ओघळ उठतो. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, हेही नाही. तीळ-मस जाळायला चुना आणि सोडा लावतात, पार्लरमध्येही काही ठिकाणी ॲसिड टोचतात, त्याने खड्डा पडतो, आणि तो डाग कॅन्सरचा असेल तर निदानच उशिरा होतं. बेसन-साय, मसुराचं पीठ, कोरफड, हे चेहरा स्वच्छ मऊ ठेवतं, आवडत असेल तर हलक्या हाताने लावा, घासू नका. पण त्याने लेंटिगो जात नाही.

पाचवं काम: मशीनचे उपाय, पण कोणाकडून

चार-सहा महिने क्रीम नेमाने लावूनही डाग राहिला तर पील (ॲसिड लावून कातडीचा वरचा थर उतरवणं), लेझर, गोठवणं. सपाट लेंटिगोवर क्यू-स्विच्ड लेझर चांगलं चालतं, ५३२ नॅनोमीटरचं, डाग आधी गडद होतो, खपली धरते, आठ-दहा दिवसांत पडते. पण आपल्या रंगाला त्यानंतर काळेपणा उठायची भीती असते, म्हणून आधी कानामागे किंवा हातावर एका डागावर करून बघायला सांगा, चार-सहा आठवडे थांबा, मग चेहरा. द्रव नायट्रोजनने गोठवण्यात रंगाच्या पेशीच मरतात आणि सावळ्या माणसाला पांढरा ठिपका राहू शकतो, चेहऱ्यावर मी तर नाही करून घेणार. फुगीर काळे दाणे मात्र रेडिओफ्रिक्वेन्सीने हलकेच काढता येतात, सुन्न करायची क्रीम लावून, एका बैठकीत.

विचारायला लाजू नका: मशीन स्वतः डॉक्टर चालवणार की मदतनीस, त्यांची त्वचारोगाची डिग्री आहे का, एमडी किंवा डीव्हीडी, किती बैठका, प्रत्येकीचे किती, काळं पडलं तर पुढे काय करणार. उत्तर देताना कोणी चिडलं, किंवा पहिल्याच भेटीत दहा बैठकांचं पॅकेज पुढे केलं, तर उठून या. लग्नसराई जवळ आली म्हणून एप्रिलमध्ये लेझर करून घेणाऱ्यांना मी नेहमी अडवते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस ह्या कामाला बरे. वांगासाठी ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्याही देतात, पण त्याने रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, म्हणून पूर्वी गुठळी झाली असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ह्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

किती दिवसांनी दिसतं

क्रीमने आठ ते बारा आठवड्यांत रंग थोडा उतरायला लागतो, नीट फरक सहा महिन्यांत. रोज आरशात बघून काही कळत नाही, उलट निराशा येते. पहिल्याच दिवशी एक फोटो काढा, सकाळची वेळ, तीच खिडकी, पावडर-फिल्टर काही नाही, आणि मग दर महिन्याच्या त्याच तारखेला तसाच. डॉक्टरांकडे जाताना हे फोटो दाखवा, त्यांनाही सोपं पडतं. प्रत्येक डाग पूर्ण जाईलच असं नाही, पुष्कळदा अर्धा-पाऊण फिका होतो आणि जवळ आल्याशिवाय दिसत नाही, तेवढ्यावर समाधान मानून थांबायलाही हरकत नाही.

फिका झाला की ट्रेटिनोइन आठवड्यातून दोन रात्रींवर आणता येतं, हायड्रोक्विनोन बंदच, ॲझेलेइक किंवा नायसिनामाइड चालू ठेवा. सनस्क्रीन मात्र पावसाळ्यातही रोज, कारण ढगांतूनही यूव्ही बरंच खाली येतं. आणि काकांनो, हे तुमच्यासाठीही आहे, सकाळी नेहरू स्टेडियमला फिरून नऊनंतर उन्हातच गप्पा मारत उभे राहता तेव्हा टोपी घाला, चारी बाजूंनी कड असलेली. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान झाकत नाहीत.